उत्तम नट आणि खरा स्टार : फरक नेमका कुठे मोजायचा?

तलावपाळीकर

ठाण्यातल्या आमच्या चित्रपट मंडळाच्या पुढच्या बैठकीचा विषय ठरलाय : स्टार म्हणायचं कुणाला? ही चर्चा दर वेळी दोन वाक्यांत संपते. एक जण म्हणतो करिष्मा लागतो, दुसरा म्हणतो नशीब लागतं, मग चहा येतो. मला हातात धरता येईल असं काही हवंय. अभिनय चांगला असूनही काही जणांच्या नावावर तिकीट का खपत नाही? पडद्यावर नेमकं काय वेगळं घडतं? आणि आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला ते तपासता येतं का? वितरण, कॅमेरा, नाटक, कुठल्याही बाजूचं उत्तर चालेल. फक्त ‘देवाची देणगी’ नको.

गल्लामास्तर

धंद्यातली व्याख्या सोपी आहे. चित्रपट कसा आहे हे कुणालाच माहीत नसताना जो तिकीट विकतो, तो स्टार. म्हणून बघायचं शुक्रवारी, आणि तेही पहिला खेळ सुटायच्या आत. दुपारी एकपर्यंत व्हॉट्सॲपवर निकाल फिरायला लागतो. संध्याकाळी आलेला माणूस चित्रपटाला आलेला असतो, सकाळी साडेनऊला आलेला नटाला.

पण पेपरात छापून येणारा पहिल्या दिवसाचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. आधी सुट्टी वजा करा. ईद, दिवाळी, १५ ऑगस्ट यांपैकी काही असेल तर तो आकडा निम्मा सणाचा असतो. चित्रपट दुसरा किंवा तिसरा भाग असेल तर श्रेय आधीच्या भागाला जातं. मग किती पडदे, किती खेळ ते बघा. हजार जास्त पडदे मिळाले की आकडा आपोआप फुगतो, म्हणून एका खेळामागे किती तिकिटं गेली हे खरं माप. ‘एकावर एक फ्री’वाले दिवस आणि २०२२ च्या राष्ट्रीय चित्रपट दिनासारखे ७५ रुपयांचे दिवस तर हिशेबात धरूच नका.

जुन्या-नव्याची तुलना रुपयांत करू नका, तिकिटांत करा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला त्याआधी महाराष्ट्रात हिंदी चित्रपटाच्या तिकिटावर ४५ टक्के करमणूक कर होता आणि मराठीला तो माफ होता. त्यामुळे त्या काळचा ‘ग्रॉस’, म्हणजे करासकटचा गल्ला, आणि आजचा ‘ग्रॉस’ शेजारी ठेवून काही कळत नाही. आज २३६ रुपयांच्या तिकिटात १८ टक्के जीएसटीचे ३६ जातात, २०० उरतात. हा ‘नेट’. त्यातला अर्धा थिएटरचा.

निर्माते स्टारच्या मागे का लागतात ते या अर्ध्यातच दडलंय. २००९ च्या संपानंतर मल्टिप्लेक्स आणि निर्माते-वितरक यांच्यात हिंदी चित्रपटांसाठी जी वाटणी ठरली, तीत वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३० असा उतरत जातो. म्हणजे पहिल्या आठवड्यातल्या एक कोटी नेटमधून ५० लाख हाती येतात, तोच कोटी चौथ्या आठवड्यात आला तर ३० लाख. तोंडी प्रसिद्धीवर हळूहळू चालणारा चित्रपट तितकेच प्रेक्षक आणूनही वितरकाला कमी देतो. स्टार माणसं पहिल्या तीन दिवसांत आणून बसवतो. त्याचं मानधन कशासाठी, तर यासाठी. अभिनयाचे पैसे वेगळे असतात आणि ते बरेच कमी असतात!

सोमवारचा आकडा मात्र स्टारच्या खात्यावर टाकू नका. शुक्रवारच्या निम्म्याच्या वर सोमवार राहिला तर चित्रपट लोकांना आवडला, एवढाच त्याचा अर्थ. स्टारची कसोटी उलटी असते. ओळीने दोन पडले आणि तिसऱ्याचा शुक्रवार तरीही भरला, तर माणूस स्टार आहे असं समजा. एका हिटवर कुणालाही स्टार म्हणू नये. २०१६ ला ‘सैराट’ने मराठीतले सगळे विक्रम मोडले तेव्हा दोन्ही प्रमुख चेहरे कोरे होते. गर्दी गोष्टीची, गाण्यांची आणि नागराज मंजुळे या नावाची होती.

फोकसपुलर_घोडबंदर

गल्लामास्तरांचं शेवटचं टोक बरोबर आहे, पण गल्ला हा परिणाम झाला. कारण लेन्ससमोर असतं.

आधी आकार डोळ्यांपुढे आणा. पडदा ४० फूट रुंद धरला तर २.३९:१ या प्रमाणात उंची साधारण १७ फूट. क्लोजअपमध्ये हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा जवळजवळ तेवढाच. या मापावर भुवई जरा उचलली तरी पडद्यावर ती फूटभर सरकते. नाटकातून आलेला चांगला नट इथे मार खातो, कारण शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय चेहऱ्यात मुरलेली असते. कॅमेऱ्याला पोचवायचं नसतं, तो स्वतः जवळ येतो. स्टार मंडळींच्या चेहऱ्यावर हालचाल कमी असते, आणि ती आळशीपणाने कमी नसते.

डोळ्यांचं तंत्र तर शिकता येतं. समोरच्या नटाकडे बघताना आपले डोळे त्याच्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. समोरासमोर ते जाणवत नाही, क्लोजअपमध्ये मात्र नजर थरथरते. उपाय हा, की कॅमेऱ्याच्या बाजूचा एकच डोळा निवडायचा आणि वाक्य संपेपर्यंत सोडायचा नाही. पापणीचंही तसंच. धमकीच्या वाक्यात पापणी लवली की धमकी विरते. वाक्य संपल्यावर लवली तर ‘याने निर्णय घेतला’ असं वाटतं. संकलक कट कुठे मारायचा ते बऱ्याचदा पापणीवरच ठरवतो.

आता मार्क. जमिनीवर टेपचा टी-आकार चिकटवलेला असतो, नटाने चालत येऊन न बघता त्यावर थांबायचं. ८५ मिमी लेन्स, ॲपर्चर २, अंतर सहा फूट, एवढ्यात फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम दोन इंच मिळते. नट भावनेच्या भरात तीन इंच पुढे झुकला की डोळे धूसर आणि कान स्पष्ट. टेक बाद. मुरलेला स्टार पावलं आधी उलटी मोजतो, मार्कवरून मागे सुरुवातीच्या जागेपर्यंत, मग तेवढीच चालत येतो. शिवाय लाइट कुठे पडतोय ते तो गालावरच्या उबेवरून ओळखतो आणि अर्धा इंच सरकून डोळ्यात ठिणगी आणतो. प्रेक्षक म्हणतो, काय तेज आहे! ते तेज म्हणजे डोळ्यात पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब. ते नसलं की तोच माणूस थकलेला दिसतो.

एन्ट्रीचंही गणित असतं. आधी इतर पात्रं त्याच्याबद्दल बोलतात, मग त्याचा एक तुकडा दिसतो, बूट, पाठ किंवा हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. चाल ४८ फ्रेम्सवर घेऊन २४ वर दाखवली की वेळ दुप्पट होतो, कपडा आणि केस हवेत रेंगाळतात. चेहरा दिसल्यावर तीनचार सेकंद संवाद ठेवायचा नाही, ती शिट्ट्यांची जागा. नव्या दिग्दर्शकाची चूक हमखास इथेच होते. तो लगेच एक दमदार वाक्य टाकतो आणि ते शिट्ट्यांत बुडून जातं. उलट बाजूही सांगतो. ज्याला कुणी ओळखत नाही त्याला अशी एन्ट्री दिली तर ती चार सेकंदं थिएटरात इतकी लांब वाटतात की लोक हसतात. एन्ट्रीने स्टार होत नाही, आधी झालेल्यालाच ती शोभते.

रंगायतन_बाल्कनी

दोघांचंही पटलं, पण ठाण्यात बसून स्टारबद्दल बोलताय आणि डॉ. काशिनाथ घाणेकरांचं नाव नाही? हिरानंदानी मेडोजजवळचं नाट्यगृह त्यांच्या नावाचं आहे. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या या दोन भूमिकांनी त्यांना जे मिळालं ते त्यांच्याहून सरस समजल्या जाणाऱ्या नटांनाही मिळालं नव्हतं. जाहिरातीत नामावली संपल्यावर ‘...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ असं छापलं जायचं. २०१८ च्या त्यांच्यावरच्या चित्रपटाचं नाव त्यावरूनच आलं. त्या तीन टिंबांत सगळं आलं : बाकीच्यांची नावं वाचा, आणि मग हा.

नाटकात हे मोजणं सिनेमापेक्षा सोपं. पेपरात जाहिरात येते, प्लॅन (आसनांचा तक्ता) विक्रीला उघडतो, मग कुठल्या रांगा आधी जातात ते बघायचं. नवं नाटक, समीक्षा नाही, रविवार दुपार, गडकरी रंगायतन. अशा वेळी लोक नाटकाचं नाव घेतच नाहीत, ‘दामलेंचं नाटक लागलंय’ म्हणतात. प्रशांत दामलेंनी नोव्हेंबर २०२२ मध्ये १२,५०० वा प्रयोग केला. इतके प्रयोग नावावर होतात ते एका नाटकाच्या जोरावर नाही. भरत जाधव आणि ‘सही रे सही’ (२००२) हेही तसंच. तिथे एकाच नाटकात चार रूपं असल्यामुळे लोक ‘भरत काय करतो’ ते बघायला पुन्हा येत होते.

फोकसपुलर म्हणतात ती शिट्ट्यांची जागा नाटकात टाळीची जागा म्हणून येते, फक्त ती रोज वेगळी असते. वाशीच्या विष्णुदास भावेत हशा एका वाक्यावर येतो तर गडकरीत पुढच्या वाक्यावर. हशा चढून उतरायला लागतो, पूर्ण विरायच्या आधी पुढचं वाक्य टाकायचं. पूर्ण विरू दिला की प्रयोग पडतो, आधीच टाकलं तर वाक्य वाया. स्टार रंगकर्मी हे कानाने करतो. कॅमेऱ्यासमोर हा कान उपयोगाचा नाही, तिथे हसायला कुणी नसतं. रंगभूमीवरची गर्दी सगळीच्या सगळी सिनेमाला येत नाही त्याचं हे मोठं कारण.

तलावपाळीकर

भरपूर मिळालं, आभार. दोन शंका. ‘आनंद’मधला (१९७१) अमिताभ आणि ‘जंजीर’मधला (मे १९७३) अमिताभ, चेहरा तोच, आवाज तोच, उंची तीच. ‘आनंद’साठी सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअरही मिळालं होतं. मग मधल्या काळात चित्रपट का पडत होते? आणि दुसरी, घोडबंदरच्या सेटांवरून रोज घराघरांत पोचणारे मालिकांचे चेहरे. रस्त्यात गर्दी त्यांच्याभोवती जास्त होते, तरी त्यांच्या चित्रपटांना पहिल्या दिवशी गर्दी का होत नाही?

पामबीचची_पाटलीणबाई

दुसऱ्या शंकेचं आधी. मालिकेतला चेहरा रोज संध्याकाळी स्वयंपाक करता करता फुकट दिसतो. त्याच चेहऱ्यासाठी दोघांची तिकिटं, पार्किंग आणि पॉपकॉर्न धरून हजाराच्या आसपास का घालवायचे, हा प्रश्न सीवूड्सच्या मॉलमध्ये उभ्या असलेल्या कुटुंबाला पडतोच. ओळख आणि ओढ यांत गल्लत होते. मालिकेत लोक पात्राला ओळखतात, अमक्याची सून, तमक्याचा दादा. पात्र बदललं की नाळ तुटते. शिवाय मालिकेत दोन-तीन कॅमेरे एकदम चालू असतात, प्रत्येक वाक्यावर सगळ्यांच्या चेहऱ्याची प्रतिक्रिया घ्यायची असते. म्हणून प्रत्येक गोष्टीवर चेहरा करायची खोड लागते. फोकसपुलर म्हणतात ती स्थिरता तिथे जमतच नाही, रोजचं वीसेक मिनिटांचं काम उरकायचं असतं.

उलट प्रवास मात्र होतो. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ने अमिताभना नव्याने उभं केलं. पण तिथे ते कुणाचं पात्र करत नव्हते, स्वतः समोर बसून ‘आप’ म्हणत होते.

आता माझी तक्रार. वरच्या सगळ्या यादीत बाई कुठे आहे? १९९१ च्या ‘माहेरची साडी’ने अलका कुबल यांना जे दिलं ते स्टारपण नाही तर काय? गावोगावच्या बायका घोळक्याने थिएटरात गेल्या. त्या रडायला गेल्या होत्या, आणि कुणाबरोबर रडायचं ते ठरवून गेल्या होत्या. २०२३ चा ‘बाईपण भारी देवा’ही बायकांनीच उचलून धरला.

गल्लामास्तर

पाटलीणबाई, ‘बाईपण’वर असहमत, अलका कुबल यांच्यावर सहमत. ‘बाईपण’चा दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा मोठा होता. माझ्याच व्याख्येने हा तोंडी प्रसिद्धीचा चित्रपट, बघून आलेल्या बायकांनी दुसऱ्या बायकांना पाठवलं. मात्र सहाही अभिनेत्री उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. अलका कुबल यांचं वेगळं. ‘माहेरची साडी’ही सुरुवातीला गोष्टीवरच चालला असेल, पण त्यानंतर त्यांच्या नावाला एक ठरलेला अर्थ आला आणि त्यावर पुढचे चित्रपट विकले गेले. नायिकांच्या बाबतीत हिशेब आणखी एका कारणाने बिघडतो. बहुतेकींना एकटीच्या नावावर शुक्रवार मिळतच नाही, पोस्टरवर शेजारी नायक असतो, मग आकडा कुणाचा?

मराठीत अजून एक अडचण. नटाची ताकद मोजायला खेळ तरी धड वेळेला हवा. राज्य सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठीला प्राइम टाइम देणं बंधनकारक केलं, पण त्यात दुपारी १२ पासूनची वेळ धरली जाते. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी सव्वातीनचा खेळ रिकामा गेला तर तो नटाचा दोष मानू नका, तेव्हा ठाणेकर ऑफिसात असतो.

तिसरी गोष्ट नकाशाची. वितरणाच्या विभागांना सर्किट म्हणतात. ठाणे-नवी मुंबई मुंबई सर्किटमध्ये येतात, त्यातच गुजरात आणि गोवाही. नागपूर-अमरावती सी. पी. बेरारमध्ये, छत्रपती संभाजीनगर-नांदेड निजाममध्ये. ज्याचा शुक्रवार फक्त मुंबई-पुणे पट्ट्यात भरतो तो त्या पट्ट्यापुरता लोकप्रिय. दादा कोंडके या कसोटीला सगळीकडे उतरले. ‘सोंगाड्या’पासून (१९७१) ओळीने नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव, २५-२५ आठवडे, आणि गिनीज बुकात नोंद. एका हंगामाची हवा इतकी टिकत नाही.

फोकसपुलर_घोडबंदर

दादांचं नाव निघालं म्हणून पहिल्या शंकेकडे येतो. दादांची ती हाफ पँट आणि पुढे लोंबणारी नाडी आठवा. चेहरा काळा करून नुसती सावली दाखवली तरी पोरंसुद्धा ओळखतील. स्टारला अशी एक बाह्यरेषा लागते. बाह्यरेषेमागे एक वचन असतं : या माणसाचा चित्रपट म्हणजे मला हे मिळणार. दादांचं वचन होतं भोळा दिसणारा माणूस शहाण्यांची टोपी उडवणार.

‘आनंद’मध्ये अमिताभचा डॉक्टर गंभीर, आतल्या आत धुमसणारा होता, पण राग कुणावर काढायचा ते पटकथेत नव्हतं, आणि चित्रपट राजेश खन्नाचा होता. पुढचे काही चित्रपट या उंच, भारदस्त आवाजाच्या माणसाला कुणाचाही नायक म्हणून उभा करत राहिले. ‘जंजीर’मध्ये सलीम-जावेदनी त्या धुमसण्याला शत्रू दिला आणि गाणी म्हणायचं काम काढून घेतलं. प्रकाश मेहरांकडे ती भूमिका त्याआधी दुसऱ्या नामवंतांनी नाकारली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. १९७५ च्या ‘दीवार’पर्यंत वचन पक्कं झालं. तंत्र आधीपासून होतं, ते लावायला खुंटी नव्हती.

वचन तेच तेच दिलं तर मरतं, हेही सांगा बैठकीत. राजेश खन्नाची मान तिरकी करून डोळे मिटण्याची लकब १९६९ ते ७१ मध्ये वेड लावत होती, काही वर्षांनी तीच नकलाकारांचं भांडवल झाली. हुशार नट दर चित्रपटात थोडंच बदलतो, म्हणजे माणूस ओळखीचा राहतो आणि काही तरी नवं मिळतं. सगळंच बदललं तर गुणवंत म्हणून कौतुक होतं, शुक्रवार मिळत नाही. इरफान खान इतका ताकदीचा नट, पण तो प्रत्येक वेळी पात्रात विरून जायचा. पुढच्या वेळी काय मिळणार ते प्रेक्षकाला आधी सांगता येत नव्हतं. मला स्वतःला तोच जास्त आवडतो, पण प्रश्न स्टारचा होता.

रंगायतन_बाल्कनी

+१. आणि नाना पाटेकर मधे कुठे तरी. ‘क्रांतिवीर’ (१९९४) नंतर त्यांच्या तोंडून लांब, तुटक, चिडलेलं स्वगत ऐकायला लोक येत होते. २०१६ च्या ‘नटसम्राट’ला पहिल्याच दिवशी गर्दी झाली तीत अर्धी शिरवाडकरांच्या नाटकाची आणि अर्धी नानांची. वेगळी कशी करणार, मास्तर?

गल्लामास्तर

नाही करता येत. म्हणूनच प्रसिद्ध नाटक-कादंबरीवरचे चित्रपट मी कसोटीला घेत नाही.

तलावपाळीकर

शेवटचं. बैठकीत करून दाखवता येईल असं काही?

फोकसपुलर_घोडबंदर

प्रोजेक्टर असेल तर पाच-सहा माणसांचा एक मास्टर शॉट (सगळे एकाच चौकटीत दिसतात तो) लावा, आवाज बंद. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही अशांना बसवा. दहा सेकंदांनी थांबवून विचारा, कुणाकडे बघत होता? मग हाच प्रयोग नायक कोपऱ्यात, पाठमोरा किंवा गप्प असलेल्या शॉटवर करा. मध्यभागी आणि उजेडात उभ्या असलेल्याकडे कुणीही बघेल, त्यावरून काही ठरत नाही. गोंगाटात जो कमी हलतो त्याच्याकडे डोळे जातात का, ते बघा. मोबाइलवर नका करू, पडदा मोठा हवा.

गल्लामास्तर

आणि मोठ्या नावाचा चित्रपट लागायच्या आदल्या गुरुवारी रात्री ११ ला बुकिंग ॲपवर ठाण्यातला एक मॉल आणि वाशीतला एक मॉल उघडा. शुक्रवारच्या सकाळच्या पहिल्या खेळाच्या आसनांचा फोटो घेऊन ठेवा, सकाळी ९ ला पुन्हा घ्या. मागच्या रांगा कुठल्याही चित्रपटाला आधी भरतात. पडद्याजवळच्या तीन रांगांत मान वर करून बसायची तयारी असलेले किती, ते मोजा. मधल्या रांगांत सलग पंधरा-वीस आसनं एकदम राखाडी (म्हणजे गेलेली) दिसली आणि कडेची मोकळी राहिली तर ती बहुधा घाऊक खरेदी किंवा थिएटरने अडवून ठेवलेली आसनं, ती वगळा. दोन-दोन, तीन-तीनच्या विखुरलेल्या जागा खऱ्या प्रेक्षकांच्या असतात. दोन वेगवेगळ्या नटांचे असे दोन शुक्रवार शेजारी लावा, सणाचा आठवडा टाळून.